घरच्या गाण्याचा कोठावळा

धार, देवास, इंदूर, उज्जैन या टापूतील जुन्या मराठी घरांत माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक बहुधा सापडतेच. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या लाखेच्या तबकड्या, पुठ्ठ्याच्या पाकिटांतील मोठ्या ध्वनिमुद्रिका, एखाददुसरे सात इंची रीळ आणि मग शे-दीडशे कॅसेटी, एवढा ऐवज तीत असतो. घरातील तिसरी पिढी त्याला 'आजोबांचा पसारा' म्हणते, चौथी पिढी दिवाळीच्या साफसफाईत तो कबाडीवाल्याला देऊन टाकण्याचा प्रस्ताव मांडते, आणि घरातील वडीलधारी बाई 'असू द्या, गाणे आहे त्यात' एवढेच म्हणून ट्रंक पुन्हा माळ्यावर चढवावयास लावते.

हे गाणे वाजविण्याचे साधन मात्र त्या घरात चालू स्थितीत नसते. फोनोची सुई झिजली, कॅसेटयंत्राचा रबरी पट्टा ताणून सैल पडला, आणि ही यंत्रे दुरुस्त करणारा चौकातला कारागीर केव्हाच मोबाइल विकू लागला. म्हणजे गाणे घरात आहे, पण ऐकू येत नाही. त्याच घरात दुसरीही एक अडगळ असते. मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला, मुले नोकरीनिमित्त पुण्या-बंगळूरला गेल्यावर मागे राहिलेला आणि आता विणलेल्या रुमालाखाली झाकून ठेवलेला संगणक. या दोन अडगळींचे लग्न लावून देता येते. ते कसे लावावे, त्यात पैसा कोठे घालावा व कोठे मुळीच घालू नये, आणि त्यातील कोणते काम संगणकाला जमत नसल्याने घरच्या माणसांनीच करावयास हवे, हे सांगावे म्हणून हा लेखप्रपंच.

अशा संगणकाला तंत्रज्ञ 'म्युझिक सर्व्हर' म्हणतात. सर्व्हर म्हणजे शब्दशः वाढपी. परंतु आम्हास 'कोठावळा' हा आपला जुना शब्द अधिक नेमका वाटतो. संस्थानी वाड्यातील कोठावळा धान्य पिकवीत नसे, रांधीतही नसे. कोणत्या कणगीत काय आहे हे त्याला ठाऊक असे, आणि कोणी मागितले की तो ते काढून देई. संगणकाचे येथले काम तेवढेच आहे. घरातील सारे गाणे त्याच्या डिस्कवर साठविलेले असते. आपण मोबाइलवरून मागणी करावी, आणि त्याने ते घरातल्या वायफायवरून दिवाणखान्यातील अ‍ॅम्प्लिफायरकडे किंवा स्वयंपाकघरातील लहान स्पीकरकडे धाडावे. इंटरनेट बंद असले तरी त्याचे अडत नाही.

हा विषय आम्ही धार-देवासच्या संदर्भात मांडतो त्यालाही कारण आहे. आमच्या धार जिल्ह्यात मांडू आहे. माळव्याचा शेवटचा सुलतान बाजबहादूर हा मोठा गाणारा होता असे इतिहास सांगतो. १५६१ मध्ये अकबराच्या फौजेने त्याचे राज्य घेतले. त्याचा महाल व रूपमतीचा मंडप पाहण्यास आजही पावसाळ्यात माणसांची रीघ लागते. पण ज्या गाण्यासाठी त्या दोघांची नावे राहिली त्यातला एक स्वरही उरलेला नाही. तेथून देवासास यावे. पवारांच्या या गावी थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच वस्तीत नांदत होती, आणि दोहोंना गाण्याची आवड होती. रजबअली खाँसाहेब (१८७४–१९५९) हे देवासचे गवई म्हणून सर्व देशात ओळखले गेले. त्यांच्याच परंपरेतील अमानतखाँ 'देवासवाले' हे बिरुद घेऊन मुंबईस गेले व इंदुरात जन्मलेल्या लता मंगेशकरांना त्यांनी शिकविले. परंतु रजबअलींचे आज ऐकावयास मिळणारे ध्वनिमुद्रण अगदी थोडे, आणि तेही उतारवयातले. त्यांचे ऐन उमेदीतले गाणे ज्यांनी ऐकले त्यांच्याबरोबरच ते गेले.

मग १९४८ च्या जानेवारीत क्षयाने आजारी झालेले कुमार गंधर्व हवापालटासाठी देवासास आले. पाच-सहा वर्षे गाणे बंद होते. स्ट्रेप्टोमायसिन हे त्या वेळचे नवे औषध मिळाले, आणि १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानी पडलेली माळव्याची लोकगीते पुढे 'धुनउगम' रागांच्या रूपाने त्यांच्या गाण्यात आली, आणि १९६५ मध्ये 'अनूपरागविलास' हा त्यांचा बंदिशींचा संग्रह मौजेने प्रसिद्ध केला. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच, टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या 'भानुकुल' या त्यांच्या घरी त्यांचे निधन झाले. रजबअलींचे गाणे गेले आणि कुमारांचे राहिले, यात गवयांच्या थोरवीचा काहीएक संबंध नाही. दोघांच्या मध्ये टेपरेकॉर्डर आला. कंपनीच्या ध्वनिमुद्रिका तर निघाल्याच. शिवाय गावोगावच्या रसिकांनी बैठकीत यंत्र ठेवून रिळेच्या रिळे भरली, एकमेकांस दिली, त्यांच्या पुढे कॅसेटी झाल्या. २२ मे १९५५ रोजी आकाशवाणीचे इंदूर केंद्र सुरू झाले, आणि पुढे टेपरेकॉर्डर घरोघर आल्यावर रात्रीच्या संगीतसभा रेडिओसमोर यंत्र ठेवून उतरवून घेण्याची चालही या भागात पडली. माळ्यावरच्या ट्रंका भरल्या त्या अशा.

'आता मोबाइलवर सारे फुकट मिळते, मग हा उपद्व्याप कशाला?' असे आम्हास शिक्षकांच्या खोलीतच विचारले गेले. अमीरखाँसाहेबांची एका बाजूस मारवा व दुसऱ्या बाजूस दरबारी असलेली ती प्रख्यात ध्वनिमुद्रिका मोबाइलवर मिळते हे खरेच. तीकरिता माळ्यावर चढण्याचे कारण नाही. पण १९७० नंतर देवासच्या एखाद्या वाड्यात गणेशोत्सवात झालेले गाणे, धारेच्या एखाद्या घरी मुंजीच्या रात्री झालेली बैठक, आजीने म्हटलेल्या ओव्या, हे जगातल्या कोणत्याही कंपनीच्या यादीत नाही. त्या गाण्याची उभ्या जगात एकच प्रत आहे, आणि ती आपल्या ट्रंकेत, माळव्याच्या उन्हाळ्यात तापत आणि पावसाळ्यात ओलावत पडली आहे.

म्हणून उतरवून घेण्याचा क्रम ठरवावा तो नाशाच्या वेगाप्रमाणे. आधी रिळे व घरगुती कॅसेटी, मग ७८ गतीच्या लाखेच्या तबकड्या, मग मोठ्या ध्वनिमुद्रिका, आणि बाजारात छापलेल्या कॅसेटी सर्वांत शेवटी. चुंबकीय फितीवर गाणे असते ते लोहाच्या बारीक भुकटीच्या थरात. तो थर धरून ठेवणारा चिकट लेप ओलाव्याने सुटतो, बुरशीचे पांढरे ठिपके पडतात, आणि घट्ट गुंडाळलेल्या फितीत एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटून, गवयाने तोंड उघडण्याआधीच त्याची पुसट चाहूल ऐकू येऊ लागते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीतील फीत साठच्या फितीपेक्षा पातळ, आणि एकशेवीसची तर इतकी पातळ की यंत्रात ती केव्हा अडकेल याचा नेम नसतो. तेव्हा ती प्रथम हाती घ्यावी. कॅसेट एकदम वाजवू नये. आधी ती पूर्ण पुढे व पूर्ण मागे फिरवून घ्यावी. आतला नमद्याचा बारीक तुकडा गळून पडला असेल तर आवाज दबका येतो. अशा वेळी फीत काढून स्क्रूने उघडणाऱ्या दुसऱ्या कवचात घालता येते. हे काम भिंगाखाली करणारी माणसे अजून इंदुरात आहेत, पण घरातल्या विणकाम करणाऱ्या बाईच्या हातालाही ते सहज जमते.

यंत्राचे डोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावे. त्याच्या बाजूस एक बारीक स्क्रू असतो. त्याने डोक्याचा कल बदलतो. जुनी कॅसेट ज्या यंत्रावर भरली गेली त्याचा कल निराळा असल्याने आपल्या यंत्रावर ती घुसमटल्यासारखी वाजते. स्क्रू केसभर फिरवावा, आणि तंबोऱ्याची जवार एकदम मोकळी झाली की थांबावे. एवढ्या एका गोष्टीने जो फरक पडतो तो हजारो रुपयांच्या उपकरणानेही पडत नाही. तबकड्यांच्या बाबतीत एकच पथ्य: लाखेच्या ७८ गतीच्या तबकडीची खाच रुंद असते, तिला सुमारे तीन हजारांश इंच टोकाची सुई लागते, मोठ्या ध्वनिमुद्रिकेची सुई एक हजारांशाहूनही बारीक असते. ती लाखेच्या खाचेत तळाशी घासत जाते, आणि ऐकू येते ती केवळ खरखर.

यंत्रातून निघालेली तार संगणकाला जोडावी आणि 'ऑडॅसिटी' नावाच्या विनामूल्य प्रणालीत ध्वनिमुद्रण करावे. आवाजाची पातळी बेताची ठेवावी. गवयाची द्रुत तान आणि तबल्याची तिहाई एकाच वेळी समेवर येते तेथे काटा तांबड्यात जाता कामा नये. मुद्रण चोवीस बिटांचे घ्यावे म्हणजे पातळी थोडी कमी राहिली तरी चालते. घाई मात्र येथे उपयोगाची नाही, कारण तासाभराची फीत उतरावयास तासच लागतो. दर रविवारी एक कॅसेट हाती घेतली तर शंभर कॅसेटींना दोन वर्षे लागतील. हा हिशेब ऐकून आमच्या घरी प्रथम हसू झाले, आणि मग मंडळी रविवारी दुपारी आपण होऊन येऊन बसू लागली. कित्येक वर्षांत आमच्या घरी एका खोलीत चौघांनी मिळून पाऊण तासाचा ख्याल सलग ऐकला नव्हता.

आता साठवावे कोणत्या स्वरूपात? मोबाइलवर फिरते ते बहुतेक एमपीथ्री असते. १९९० च्या दशकात रूढ झालेल्या या पद्धतीत मानवी कानाला जाणवणार नाही असा अंश वगळून टाकतात. कादंबरीची शाळेसाठी संक्षिप्त आवृत्ती काढावी तसे ते आहे. कथा कळते, पण वगळलेली पाने पुन्हा मिळत नाहीत. २००१ पासून 'फ्लॅक' नावाची दुसरी पद्धत उपलब्ध आहे. ती घडी घातलेल्या उपरण्यासारखी. जागा निम्म्याच्या आसपास लागते, आणि उलगडले की सूतन्‌सूत जागच्या जागी. सीडीच्या दर्जाचे एक तासाचे गाणे घडी न घालता सुमारे ६३५ मेगाबाइट भरते, घडी घालून ३५० च्या आसपास. एक टेराबाइटच्या डिस्कवर अशी अठ्ठावीसशे तासांची सोय होते. म्हणजे रोज संध्याकाळी दोन तास ऐकले तरी तेच गाणे पुन्हा येण्यास पावणेचार वर्षांहून अधिक काळ लागेल. एवढी जागा असताना संक्षिप्त आवृत्ती ठेवण्याचे कारण नाही. उत्तम प्रतीचा एमपीथ्री आणि फ्लॅक यांतला फरक ऐकून ओळखणे बहुतेकांना कठीण जाते हेही येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. फ्लॅक ठेवावयाचा तो आपल्या कानासाठी नव्हे, मूळ प्रत शाबूत राहावी म्हणून.

हलक्या प्रतीचा एमपीथ्री मात्र लगेच उघडा पडतो, आणि तो कोठे उघडा पडतो हे पाहण्यास आपल्या संगीतात एक सोपी जागा आहे. गवई गाऊ लागण्यापूर्वीचा अर्धा मिनिट ऐकावा, केवळ तंबोरे. कुमारांच्या तंबोऱ्यांविषयी जाणकार आजही बोलतात, इतके ते निगुतीने लावलेले असत. चांगल्या मुद्रणात जोडाच्या तारांतून गंधार आपोआप उमटताना ऐकू येतो. हलक्या प्रतीत तेथे पाण्यात बुडबुडे यावेत तसा गढूळ, फिरता नाद येतो. फितीची गती डळमळत असेल तर तेही तंबोराच सांगतो. तज्ज्ञांच्या आलेखांपेक्षा आम्ही या अर्ध्या मिनिटावर विश्वास ठेवतो.

सीडीमध्ये एका सेकंदास ४४,१०० नमुने घेतलेले असतात. त्यातून सुमारे बावीस हजार कंपनांपर्यंतचा नाद पुरा उभा राहतो. मनुष्याचा कान तरुणपणी वीस हजारांपर्यंत ऐकतो, आणि आमच्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्या मंडळींचा त्याच्या बराच अलीकडे थांबतो. असे असता एक लाख ब्याण्णव हजार नमुन्यांचे यंत्र घेण्यास दुकानदार आग्रह करू लागला तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा. महागड्या तारांविषयीही आमचे मत तेच आहे. पैसा घालावा तो स्पीकरमध्ये, आणि मग खोलीत. जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या भिंती, लाकडी पाटणी, पुस्तकांची कपाटे, जाड जाजम यांत गाणे सुरेख बसते. नव्या घरांच्या गुळगुळीत फरशीवर आणि काचांवर ते आदळून परत येते. एक जाड पडदा व एक सतरंजी यांनी तेथे पुष्कळ काम होते. तिसरी वस्तू 'डॅक' नावाची लहानशी डबी. संगणकातील अंकांचे पुन्हा विजेच्या लहरींत रूपांतर करण्याचे काम ती करते. संगणकाच्या पोटातही हे साधन असतेच, पण बऱ्याच जुन्या संगणकांत पंख्याची व इतर भागांची गुणगुण त्यात मिसळते. बाहेरची डबी दोन-चार हजार रुपयांची घेतली तरी ती जाते.

संगणक स्वतः कितीही साधा चालतो. आमचा दहा वर्षांपूर्वीचा आहे. शाळेतील अकरावीच्या एका विद्यार्थ्याने त्यावर लिनक्स व 'लिरियन' ही सर्व्हर-प्रणाली एका दुपारी बसवून दिली. ही प्रणाली पूर्वी लॉजिटेक कंपनीच्या नावाने चाले, २०२४ पासून तिला हे नाव मिळाले. 'जेलीफिन' ही दुसरीही अशीच विनामूल्य आहे. एक गोष्ट मात्र तपासून घ्यावी. दोन तुकड्यांमध्ये क्षणभरही खंड न पाडता वाजविण्याची सोय तिच्यात आहे ना? चित्रपटगीतांना त्याने बिघडत नाही, पण विलंबितातून द्रुतात जाताना मध्येच शांतता पडली तर जेवताना दिवे गेल्यासारखे होते. विजेचाही हिशेब सांगितला पाहिजे. जुना संगणक साठ वॅट घेत असेल व अहोरात्र चालू राहिला तर महिन्याला त्रेचाळीस युनिटे होतात. आम्ही तो संध्याकाळीच लावतो. ज्यांना तो सतत चालू हवा त्यांनी 'रास्पबेरी पाय'सारखा हाताच्या पंजाएवढा संगणक घ्यावा. पाच वॅटच्या हिशेबाने त्याचा महिन्याचा खर्च चार युनिटांच्या आत राहतो, आणि त्याला पंख्याची घरघर नसते.

यंत्राची कथा येथे संपते आणि खरे काम सुरू होते. कोठावळ्याला कणगीत काय आहे हे ठाऊक असावे लागते. संगणकाला ते आपण सांगितल्याखेरीज कळत नाही, आणि विचारण्याची त्याची चौकट परक्या संगीतासाठी बेतलेली आहे: कलाकार, संग्रह, गीत, वर्ष. आपल्या गाण्यात राग हवा, ताल हवा, बंदिशीचे पहिले शब्द हवेत, साथीदार हवेत, आणि बैठक कोठे, कोणाकडे, कोणत्या निमित्ताने झाली तेही हवे. सुदैवाने बहुतेक प्रणालींत असे जादा रकाने आपले आपल्याला काढता येतात. आम्ही ते काढले, आणि साथीदारांचा रकाना प्रथम भरावयास घेतला. कारण यादीतून नाहीसे होतात ते तेच. आता 'वसंत आचरेकर' एवढे लिहिताच ज्या ज्या मुद्रणात त्यांचा तबला कुमारांच्या साथीस आहे ती सारी एका ओळीत उभी राहतात. 'वसुंधरा कोमकली' लिहिले की तंबोऱ्यावर बसून त्यांनी दिलेली स्वरसाथ कोठे कोठे आहे ते कळते.

ही नावे देवनागरीत लिहावीत असा आमचा आग्रह आहे, आणि तो केवळ अभिमानाचा नाही. मालवती, संजारी, लगनगांधार, सहेलीतोडी ही कुमारांच्या रागांची नावे इंग्रजी अक्षरांत दहा जण दहा प्रकारे लिहितात, आणि मग शोधणाऱ्याला दहांपैकी एकच सापडतो. युनिकोडमुळे देवनागरी आता कोणत्याही संगणकाला वाचता येते. फक्त घरात एक वही करून 'गंधार' की 'गांधार' हे एकदा ठरवून टाकावे, आणि मग सर्वांनी तसेच लिहावे. ऱ्हस्वदीर्घाची आमची धंद्याची सवय येथे प्रथमच घरच्या मंडळींना उपयोगाची वाटली.

ध्वनिमुद्रणाच्या आरंभकाळी नावाची ही अडचण लोकांनी मोठ्या युक्तीने सोडविली होती. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गायस्बर्ग हा इंग्लंडहून आलेला मुद्रक कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित करू लागला. तबकड्या दाबून निघत त्या जर्मनीतील हॅनोव्हर शहरात. तेथील कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे कसे? म्हणून गाणे संपताच बाईंनी इंग्रजीत आपले नाव उच्चारावे असे ठरले. ते शब्द आजही त्या तबकड्यांच्या शेवटी ऐकू येतात. सव्वाशे वर्षांपूर्वीचा तो आवाज आपण कोण हे स्वतः सांगतो. आणि चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या आमच्या कॅसेटींवर पेन्सिलीने लिहिलेले असते 'मंगळवार', नाही तर 'चांगले', नाही तर काहीच नाही.

अशा निनावी एकतीस फिती आमच्या ट्रंकेत निघाल्या. त्या उतरवून, लॅपटॉपवर घालून, मागल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही देवासास मावशीकडे गेलो. मावशीचे वय ब्याऐंशी. ती मेथी निवडीत बसली होती. आम्ही एकेका फितीचा आरंभ लावीत होतो. चार-पाच नावे तिने मान वरही न करता सांगितली. मग एका बाईचा आवाज लागला, अभंग, मागे सतत खरखर. या खरखरीविषयी आमच्या त्या विद्यार्थ्याने आधीच सुचविले होते की संगणकाने ती एका मिनिटात पुसता येईल. मूळ प्रतीला हात लावावयाचा नाही हा आमचा नियम असल्याने ती तशीच राहिली होती. मावशीने मेथी खाली ठेवली. "अरे, ही आमची शाळेतली गाण्याची बाई. आणि हा पाऊस आहे रे, पत्र्यावरचा. मागची पडवी पत्र्याची होती तेव्हाची गोष्ट. ती आपण अठ्ठ्याहत्तर साली पाडली." ते डोहाळजेवण कोणाचे, तबल्यावर कोण, पेटी कोणाच्या घरून आणली होती, सारे तिने सांगितले. ज्याला खरखर म्हणत होते त्या पावसाने फितीचा काळ ठरविला.

त्या दुपारी एकतीसपैकी बावीस फितींना नावे मिळाली. मावशी बोलत होती ते आम्ही मोबाइलवर मुद्रित करून घेतले आणि त्या त्या गाण्याच्या शेजारीच फाइल म्हणून ठेवले, म्हणजे नाव कोणी, कशावरून सांगितले याचा पुरावा राहतो. एका फितीपाशी ती बराच वेळ थांबली, आणि म्हणाली, "हा आवाज पलीकडच्या आळीतल्या काकांनी नक्की ओळखला असता." ते काका दोन वर्षांपूर्वी वारले. फिती उतरविण्याचे काम पुढील वर्षी केले तरी एखादे वेळी चालेल. आवाज ओळखणाऱ्यांकडे जाणे पुढील वर्षावर टाकता येत नाही.

कायद्याचाही एक शब्द. प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्याकडे प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे चालतो. आपल्या खासगी उपयोगासाठी आपल्याच ध्वनिमुद्रिकेची प्रत करणे निराळे, आणि कंपनीचे मुद्रण जगाला वाटणे निराळे. घरगुती बैठकींच्या बाबतीत तर गाणाऱ्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ती बाहेर देऊ नये; त्यांना मात्र एक प्रत आपण होऊन द्यावी. शाळेतल्या त्या गाण्याच्या बाईंच्या नातीला आम्ही ती पाठविली. तिने आजीचा आवाज कधी ऐकला नव्हता.

डिस्क ही वस्तू फार भरवशाची नव्हे. पाच-सात वर्षांत ती केव्हाही बंद पडते, आणि पडण्यापूर्वी सूचना देईलच असे नाही. म्हणून प्रती दोन हव्यात, आणि त्या एका छपराखाली नसाव्यात. आमची दुसरी प्रत मावशीकडे कपाटात असते व मावशीच्या घरच्या गाण्याची आमच्याकडे. दर सहा महिन्यांनी, गणपतीत व उन्हाळ्याच्या सुट्टीत, दोन्ही डिस्का इंदूरमार्गे धारेहून देवासास व देवासहून धारेस प्रवास करतात, आणि नवे भरलेले त्यांत उतरते. मूळ कॅसेटी आम्ही टाकलेल्या नाहीत. त्या कोरड्या कपाटात उभ्या लावून ठेवल्या आहेत.

नऊ फिती अद्याप निनावी आहेत. त्यांपैकी तिहींत एकच पुरुषी आवाज आहे: काळी एकमध्ये लागलेला, खर्जात भरदार, तार षड्जापाशी किंचित अनुनासिक होणारा. साथीस संवादिनी असून सारंगी नाही. एका फितीत बागेश्रीचा विलंबित ख्याल चालू असता भिंतीवरच्या घड्याळाचे नऊ टोले ऐकू येतात, आणि शेवटी एक वृद्ध गृहस्थ 'आता पान घ्या' असे म्हणतात. १९७५ ते १९८५ च्या दरम्यान धार, देवास किंवा इंदूर येथील घरगुती बैठकींना जे जात असतील अशा वाचकांपैकी कोणास यावरून काही आठवत असल्यास त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर कळवावे. फितीचा आरंभ आम्ही त्यांना ऐकण्यास पाठवू.